जहाज की कणीस

आमच्या विभागात सगळे यांना कुलूपकाका म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान. नोकरीतून मोकळे झाले तरी यांचं एक काम सुटलेलं नाही. ते करताना यांना कोणी पाहायचं नाही आणि केल्यावर यांनी कोणाला सांगायचं नाही. इतक्या बोलक्या माणसाच्या वाट्याला असं काम यावं, ही देवाचीच थट्टा म्हणायची.

आम्ही ताऱ्यांचा कल मोजतो. तारा स्वतःभोवती फिरतो, ग्रह त्या ताऱ्याभोवती फिरतो. या दोन फिरण्यांची दिशा जुळते का, एवढाच आमचा प्रश्न. आपल्या सूर्याकडे ती बरीचशी जुळते. एकाच फिरत्या ढगातून सगळी भावंडं जन्मली, तेव्हा वळण सारखं असायचंच. पण सगळ्या घरांत तसं नसतं. काही ग्रह तिरके चालतात, काही आडवे, आणि काही चक्क उलटे.

हे कळतं कसं, तर फिरत्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी आपल्यापासून दूर जात असते. येणाऱ्या कडेचा प्रकाश किंचित निळसर, जाणाऱ्या कडेचा किंचित तांबूस. ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना आधी एक कड झाकतो, मग दुसरी. सुलट चालीचा ग्रह आधी येणारी कड झाकतो; मग आमच्या आलेखावर आधी टेकडी येते आणि मागून खड्डा. उलट्या चालीचा असेल तर आधी खड्डा, मग टेकडी. झालं. बाकीचं गणित कितीही मोठं असलं तरी शेवटी टेकडी आधी की खड्डा आधी, इथेच येऊन थांबतं.

पण टेकडी आणि खड्डा दोन्ही फार बारीक असतात. आलेखावरचे चार ठिपके ठेवले आणि दोन काढले की ज्याला जे हवं ते दिसायला लागतं. उलटा ग्रह सगळ्यांनाच हवा असतो, कारण सुलट ग्रहासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून यांनी तरुणपणी एक पद्धत घातली. दुर्बिणीकडून आलेलं मूळ निरीक्षण साफ होऊन आलं की ते न बघता एका बंद साठ्यात जातं. आम्ही त्याला पेटी म्हणतो. त्याची एक प्रत यांच्याकडे जाते. हे आत एकटे बसून नाणं टाकतात. यांच्या नाण्याच्या एका बाजूला जहाज आहे, दुसऱ्या बाजूला कणीस. जहाज पडलं तर आलेख उलटवायचा, म्हणजे टेकडीचा खड्डा आणि खड्ड्याची टेकडी. कणीस पडलं तर तसाच ठेवायचा. मग ती प्रत गणित करणाऱ्याच्या हातात द्यायची. बिचारा महिनोन् महिने त्यावर घासत बसतो, पण आपला ग्रह खरा कोणत्या दिशेने चाललाय हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे त्याला लबाडी करायचीच झाली तरी कोणत्या बाजूने करावी हे कळत नाही.

नाणं काय पडलं ते फक्त यांच्या डोक्यात. कागदावर नाही, यंत्रात नाही. "लिहिलं की कोणीतरी वाचतंच," हे म्हणतात. संचालकबाईंनी मागे एकदा सुचवलं, की हे काम संगणकालाही करता येईल. हे म्हणाले, "येईल की. पण संगणकाला विचारणाऱ्याची भीड पडते. त्याला नीट विचारलं की तो सांगून टाकतो."

"आणि काका, तुम्हीच वर गेलात तर?" कोणीतरी म्हटलं.

"मग तर सोपंच झालं. ताऱ्याच्या शेजारीच असेन. प्रत्यक्ष बघून कळवतो."

मीही याच विभागात आहे; पेटीची किल्ली माझ्याकडे. किल्ली म्हणजे एक लांबलचक सांकेतिक शब्द आहे, पण आम्ही किल्लीच म्हणतो. गणित करणारा "माझं संपलं" म्हणाला, की सगळ्यांसमोर हे एकच वाक्य बोलतात: "उलटवलं होतं" किंवा "तसंच होतं." त्यानंतर मी पेटी उघडून ताळा करते. तोवर पेटीला हात लावायचा नाही. मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही, कारण नेमांची मला सवय आहे. सकाळी देवापुढे दिवा लागल्याशिवाय मी पाणी तोंडात घेत नाही, आणि दिव्यानंतर दिवसातलं पहिलं वाक्य कोणाला लागेल असं बोलत नाही. छोटेच नेम आहेत, पण मोठ्या माणसांचा हात धरून चालावं तशी मी त्यांना धरून चालते.

या खेपेचं निरीक्षण भिंगरीचं होतं. भिंगरी म्हणजे आमच्याकडची संशोधक मुलगी. एका जागी तिचं बूड टिकत नाही. बोलताना खुर्चीसकट फिरते, म्हणून हे नाव, आणि ते यांनीच ठेवलेलं. तिची नेमणूक संपत आली होती. पुढची मिळायची तर काहीतरी ठसठशीत हाती लागायला हवं होतं.

तिचा तारा तापट आणि वेगाने फिरणारा. तिने मला समजावून सांगितलं होतं, "काकू, थंड तारे कसे असतात, वरचं अंग घुसळतं, त्यामुळे जवळचा मोठा ग्रह त्यांना हळूहळू आपल्या वळणावर आणतो. घरात आलेली सून जशी सासऱ्यांना. पण हे तापट तारे वळत नाहीत. जन्मापासून जो तिरकेपणा असेल तो तसाच राहतो."

"आणि मुळात तिरकेपणा येतो कुठून?"

"कधी जन्मतःच. कधी लांब कुठेतरी एक मंद जोडीदार तारा असतो. जवळ येत नाही, पण ओढत राहतो. ओढून ओढून ग्रहाची वाट वाकडी करतो."

"म्हणजे परगावी राहून घरात कालवाकालव करणारी नणंद," हे मागून म्हणाले, आणि तेव्हापासून त्या मंद ताऱ्याला सगळा विभाग नणंद म्हणू लागला.

भिंगरीच्या हातातल्या आलेखात आधी टेकडी होती, मग खड्डा. म्हणजे यांचं कणीस पडलं असेल तर ग्रह सुलट, साधा, विसरून जाण्यासारखा. जहाज पडलं असेल तर ग्रह उलटा, नणंदेने फिरवलेला, आणि भिंगरीची पुढची नेमणूक जवळजवळ पक्की. तिची आशा सगळ्यांना दिसत होती. ती यांच्याकडे बघायची तेव्हा हे छताकडे बघायचे.

उघडायच्या दिवसाला थोडेच दिवस उरले होते. त्या सकाळी मी दिवा लावून डोळे मिटून बसले होते. हे येऊन शेजारी बसले. एरवी हे त्या वेळी दाढी करतात आणि खोटी भक्ती नको म्हणून लांब राहतात. मी डोळे उघडले.

"तू त्याच्याशी रोज बोलतेस," हे म्हणाले. "माझंही एक विचारशील?"

"विचारते की. काय?"

"मी उलटवलं होतं की नव्हतं?"

मी हसले. यांच्या थट्टेला मी लग्नापासून हसत आले आहे, त्याला विचार करावा लागत नाही. मग माझं लक्ष यांच्या हाताकडे गेलं. हे मांडीवर नाणं फिरवत होते: जहाज, कणीस, जहाज, कणीस, असं, जणू एखादी बाजू बोलेल.

"आठवत नाही?"

"काल आठवत होतं. काल वाटत होतं जहाज. मग वाटलं, जहाज तर मागच्या खेपेचं. त्याच्या मागची खेप कोणती, तेही आता…" हे थांबले. "सगळी नाणी एकाच वेळी पडताहेत."

मला नळ आठवला. मागच्या आठवड्यात यांनी न्हाणीघरातला नळ बंद करताना उलटा पिळत नेला होता आणि सगळं पाणी अंगावर घेतलं होतं. नंतर नळालाच शिव्या घातल्या. तेव्हाही मी हसले होते.

"आपण डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हटलं.

"डॉक्टर काय नाणं शोधून देणार?" मग यांचा आवाज एकदम खाली आला. "अगं, किल्ली तुझ्याकडे आहे. एकदा उघडून बघ. मला फक्त मान हलवून सांग. कोणाचं काय जाणार आहे? पेटी शेवटी उघडायचीच आहे. मी खोटं थोडंच सांगणार आहे? जे खरं आहे तेच सांगेन."

"भिंगरीचं गणित अजून संपलेलं नाही."

"तिला कुठे कळणार आहे?"

"मला कळेल. ती रोज माझ्याकडे विचारायला येते. माझा चेहरा तुम्हाला माहीत आहे."

"तुझा चेहरा!" हे उठले. "मला फक्त एवढं सांग. तुझा नेम मोठा की मी?"

देवापुढचा दिवा शांत जळत होता. हे आत निघून गेले आणि दाढी न करताच बाहेर पडले.

त्या दुपारी मी पेटीसमोर बसले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खोली म्हणजे एक टेबल, एक यंत्र, भिंतीला गुरगुरणारा पंखा आणि खिडकीतून दिसणारी शेजारच्या इमारतीची पाठ. मी सांकेतिक शब्द टाइप केला. शेवटचं बटण तेवढं दाबलं नाही. बोट त्याच्यावर ठेवून बसले. लग्न झालं तेव्हा हे मला सगळ्या ताऱ्यांची नावं सांगायचे आणि मी लक्षात ठेवायची. आता एका नाण्याची बाजू यांना कोणीतरी सांगायला हवी होती, आणि ती सांगू शकणारी जगात मी एकटी होते. यात पाप कसलं? आजाऱ्याला हात देणं हे पाप असतं का?

तेवढ्यात दार उघडून भिंगरी आत आली. मी शब्द पुसून टाकला.

"काकू, घोळ झालाय." ती खुर्चीवर बसली आणि अर्धी गिरकी घेतली. "ग्रह मध्ये असताना ताऱ्यावरच्या एका डागावरून गेलाय असं वाटतंय. ते ठिपके ठेवले तर कल थोडा कमी येतो, काढले तर जास्त. काय करू? ठेवू की काढू?"

मी तिच्याकडे बघितलं. आत्ता मला आतलं माहीत असतं तर? मी काहीच बोलले नसते, तरी तिने माझ्या भुवया वाचल्या असत्या. ती हुशार आहे आणि तिला गरज आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला समोरच्याच्या भुवयाही पुरतात.

"आधी काय ठरलं होतं?" मी विचारलं.

"ठेवायचेच, असं ठरलं होतं. डाग असला तरी."

"मग ठेव."

"हो ना," ती म्हणाली, थोडी हिरमुसून. मग म्हणाली, "तसंही काकू, आपल्याला खरा कल कुठे दिसतो? आपल्या बाजूने जेवढा दिसतो तेवढाच. तारा आपल्याकडे किती झुकलाय ते कोणाला माहीत. समोरून सरळ दिसणारं घर आतून किती वाकडं असेल…" तिने पुन्हा गिरकी घेतली आणि निघून गेली.

मी पुन्हा शब्द टाइप केला नाही.

पुढचे दिवस यांनी माझ्याशी अबोला धरला. तो अबोलाही यांना धड धरता येत नव्हता. मध्येच विसरून "आज भाजी झकास झालीये" म्हणायचे आणि मग आठवून पुन्हा गप्प बसायचे. मला रडू यायचं ते याचंच.

संध्याकाळी आम्ही बागेत फेऱ्या मारायला जातो. मध्ये तळं आहे, भोवती वाट. सगळी माणसं तळं उजव्या हाताला ठेवून चालतात. तसा फलक कुठेही नाही, पण वर्षानुवर्षं तेच वळण पडलं आहे. त्या दिवशी हे आत शिरले आणि उजवीकडे वळले. समोरून सगळी माणसं आमच्या अंगावर यायला लागली. मी यांचा हात ओढणार होते, पण ओढला नाही. यांच्याबरोबर चालत राहिले.

ओळखीचे एक गृहस्थ समोरून आले. "काय काका, आज उलटे?"

"मी सरळच आहे. जग उलटं चाललंय," हे म्हणाले.

ते गृहस्थ खदाखदा हसले, त्यांची बायको हसली, मीही हसले. ते पुढे गेल्यावर यांनी मला हळूच विचारलं, "ते का हसले गं?"

मी म्हटलं, "तुम्हाला बघून बरं वाटलं असेल त्यांना."

मी बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की ते खरं नव्हतं.

उघडायच्या दिवशी बैठकीची छोटी खोली भरली होती. संचालकबाई पुढे, बाकीचे भिंतीला टेकून. भिंगरी पहिल्यांदाच एका जागी बसली होती. यांनी नवा शर्ट घातला होता आणि तो मी काढून दिला होता. सकाळी मी यांना एकच म्हटलं होतं, "अजून वेळ आहे. आठवत नाही असं सरळ सांगा. कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही." हे शर्टाची बटणं लावत राहिले होते.

भिंगरी उठली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "माझं संपलं. आता मी यात काही बदलणार नाही."

हे उठले.

"सांगण्याआधी चहाचं काय?" हे म्हणाले. सगळे हसले. भिंगरी हसली नाही. ती हात एकमेकांत घट्ट अडकवून यांच्याकडे बघत होती, बापाकडे बघावं तशी. आणि मी यांचा चेहरा बदलताना पाहिला. त्यात आठवण नव्हती. त्यात माया होती. माया कधी आठवणीच्या जागेवर जाऊन बसली ते यांना स्वतःलाही कळलं नसेल.

"उलटवलं होतं," हे म्हणाले.

भिंगरीने तोंडावर हात धरला. कोणीतरी "अरे वा!" म्हणालं. संचालकबाई माझ्याकडे वळल्या. "करा ताळा."

मी यंत्राजवळ गेले. याच गोष्टीला अडवण्यासाठी यांनी आयुष्यभर हे कुलूप सांभाळलं होतं: जे हवं ते दिसणं. आणि आज कुलपालाच जे हवं ते दिसलं होतं. आता पडद्यावर आधी टेकडी येईल, मग खड्डा, ज्यांच्यावर तिने मुलीच्या मायेने विश्वास ठेवला त्यांच्यामुळे ती सगळ्यांसमोर तोंडावर पडेल, आणि यांच्याकडे सगळे वळून बघतील. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

आधी खड्डा आला. मग टेकडी.

टाळ्या वाजल्या. भिंगरी खुर्चीवरून उडून माझ्या गळ्यात पडली, मग यांच्या. "नणंद की जय!" कोणीतरी ओरडलं. हे शर्टाची कॉलर ताठ करत उभे होते. पडदा आणि मी, आम्ही दोघंच जागेवर होतो.

ग्रह खरोखर उलटा होता. भिंगरीचं गणित चोख होतं आणि आंधळेपणाने केलेलं होतं. त्याला कुठेही डाग नव्हता. देवाने सगळ्यांना हवं ते दिलं होतं. पण ताळा जुळला नसता तर मला काही बोलावंच लागलं नसतं. जुळला, आणि सगळं माझ्यावर आलं.

घरी आल्यावर हे गाणं गुणगुणत पेरूच्या फोडी करत होते. माझ्याशी अबोला आहे हे आता पूर्ण विसरले होते.

"बघितलंस?" हे म्हणाले. "उगाच घाबरवलंस मला."

"आठवलं कसं शेवटी?"

"आठवलं म्हणजे? विसरलो कधी होतो?"

"त्या दिवशी सकाळी देवापाशी बसून तुम्ही…"

"छे गं. थट्टा केली असेन. तुला माझी थट्टा अजून कळत नाही."

मी बशी पुढे ओढली. हळूच म्हटलं, "म्हणजे जहाज पडलं होतं तर."

यांचा चाकू थांबला. "कसलं जहाज?"

हे माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी निसटलंय एवढं कळल्यासारखे. मग एक फोड माझ्या हातात ठेवली. "खा. गोड आहे."

रात्रभर मी स्वतःला समजावलं. कदाचित त्या क्षणी खरंच आठवलं असेल. मला जे दिसतं ते माझ्या बाजूने. यांच्या डोक्यात काय कललं आहे आणि किती, ते मी कशी मोजणार? चूक तर झालेली नाही. कोणी फसलेलं नाही. मी गप्प राहिले तर ते खोटं बोलणंही नाही. पण संचालकबाईंच्या कपाटात यांच्यासाठी दुसरं निरीक्षण येऊन पडलं होतं, एका दुसऱ्या संशोधक मुलाचं. नाणं दर वेळी मायेच्या बाजूने पडणार नव्हतं.

सकाळी दिवा लावला. हे उठून आले.

"चहा टाकते," मी म्हटलं. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्याला नेम लागू नव्हता. "आणि आज मी संचालकबाईंना सांगणार आहे. तुमच्या पाठीमागे नाही सांगणार. तुम्ही बरोबर या."

मला वाटलं हे संतापतील. हे भिंतीला टेकून उभे राहिले. पंख्याकडे बघितलं, मग पायाकडे.

"तू पेटी उघडली असतीस तर ही वेळच आली नसती," हे म्हणाले.

"ही आली नसती. पुढची आली असती."

"मग दर वेळी उघडायचीस. तू आणि मी. कोणाला कळलं असतं?" हे रागाने बोलत नव्हते; विनवत होते. मीही रात्री तोच विचार केला होता: हे बोलतील, मी आधी बघून ठेवीन, आणि दोघं मिळून एक माणूस होऊ. आमच्या वयाची कितीतरी जोडपी तसंच जगतात. एकाचे कान, दुसऱ्याचे डोळे.

"घरातलं सगळं लक्षात ठेवीन मी तुमच्यासाठी," मी म्हटलं. "औषधं, नावं, रस्ते, सगळं. पण हे नाही. दुसऱ्याला माहीत नसणं हीच याची किंमत आहे. तुम्हीच सांगितलं होतंत मला."

"मी सांगितलं होतं?"

"तुम्हीच."

"शहाणा होतो म्हणायचा," हे म्हणाले, आणि दाढी करायला गेले. फार सावकाश, फार नीट केली. मानेखालचा एक केस राहू दिला नाही.

विभागात पोचलो. संचालकबाईंच्या खोलीसमोर बाक आहे आणि दाराला वरच्या बाजूला काच. यांनी मला हाताने थांबवलं.

"मीच बोलतो. तू बस इथे. माझं आहे, मी सांगतो."

मला इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले. मी बसले. काचेतून हे दिसत होते. हे बसले, बाईंनी काहीतरी विचारलं, यांनी उत्तर दिलं. बाई हसल्या. मग हे हात हलवून काहीतरी सांगायला लागले आणि बाई आणखी हसल्या. चहा आला. दोघांनी घेतला. बाई उठल्या, कपाटाकडे गेल्या, परत आल्या. मी काचेतून यांच्या ओठांकडे बघत राहिले. अवघड गोष्ट सांगतानाचा चेहरा मला माहीत आहे. तो कुठेच आला नाही.

दार उघडून हे बाहेर आले. चेहरा उजळलेला. हातात एक छोटी डबी होती: नव्या निरीक्षणाची प्रत.

"काय छान बाई आहेत," हे म्हणाले. "चहा पाजला. आणि हे बघ, नवीन काम. मी नाही म्हणणार होतो, पण म्हणे तुमच्याशिवाय कोण आहे."

"सांगितलंत ना?"

"काय?"

मी यांच्याकडे बघितलं. यांना खरंच आठवत नव्हतं की बोलायचं धाडस झालं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. डोळे स्वच्छ होते. फक्त खालची पापणी थोडी हलत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "बसा इथे. मी आलेच."

हे बाकावर बसले. खिशातून नाणं काढून बोटांनी चाचपलं. "अगं, जहाज पडलं तर उलटवायचं, ना?"

"हो. पण आत्ता टाकू नका. मी येईपर्यंत थांबा."

"थांबतो," हे म्हणाले. मग नाण्याची मूठ मिटून ती माझ्यापुढे केली. "नको, तूच ठेव. माझा खिसा फाटका आहे."

खिसा फाटका नव्हता. तो शर्ट मीच काढून दिला होता. मी नाणं घेतलं. ते यांच्या हाताने गरम झालं होतं.

मी दार वाजवलं. संचालकबाईंनी वर पाहिलं. "अहो, काका आत्ताच गेले की. काही राहिलं का?"

"हो," मी म्हटलं. "ते एक सांगायचं राहिलं." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.